खेकड्याची नांगी आणि केळापूरचे पाणी



आपल्या केळापूर तालुक्यात नवी सून घरात आली म्हणजे पहिल्या आठ दिवसांत तिला दोन गोष्टी कळून चुकतात. एक, सासूचा स्वभाव. आणि दुसरी, गावातल्या कोणत्या पाण्यात डाळ शिजते. पहिल्या गोष्टीवर उपाय नाही. दुसरीवर असतो. विहीर जवळ असली तरी ती बाई हंडा घेऊन दूरच्या हातपंपावर जाते, कारण विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ तासन् तास रटरटली तरी दाणा दाण्याला ओळख देत नाही. साबण लावला तर फेसाऐवजी पांढरा साका येतो. असल्या पाण्याला आपण ‘जड’ म्हणतो. हातपंपाचे पाणी ‘हलके’. गावाचा न्याय असा की, हलके ते चांगले, जड ते वाईट.

हा न्याय बरोबर आहे काय, हे पाहण्यासाठी आज आपणांस थोडे दूर न्यावयाचे आहे. वाट झूरिकवरून, फ्रँकफुर्टवरून जाते आणि शेवटी पुन्हा पांढरकवड्यालाच येते. मी इतिहासाचा माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकच्या वर्गापुरताच. परंतु महाविद्यालयात आमच्या शिक्षककक्षाला लागूनच रसायनशाळा आहे, आणि तिथल्या अमोनियाच्या वासाने माझ्या कितीतरी दुपारच्या झोपा मोडल्या आहेत. तो वास कशाचा म्हणून एके दिवशी चौकशीला गेलो, आणि मला एक इतिहासच हाती लागला.

प्रथम जड पाणी म्हणजे काय ते पाहू. पावसाचे पाणी जमिनीत मुरते, खडकातून झिरपते, आणि जाता जाता चुनखडीतला कॅल्शियम व त्याचा सोबती मॅग्नेशियम हे दोन धातू आपल्या पोटात घेते. धातू म्हटले की आपल्याला लोखंड, तांबे आठवते. पण चुन्यातही धातू आहे, आणि पाण्यात विरघळल्यावर तो डोळ्यांना दिसत नाही. साबण त्यात पडला की कॅल्शियम साबणाला धरून साका करतो. फेस यावयाचा तो हा सगळा कॅल्शियम संपल्यावर. डाळीचेही तेच. डाळीच्या पेशींना एकमेकींशी सांधून ठेवणारे पेक्टिन नावाचे द्रव्य शिजताना सुटावयास हवे. पाण्यातला कॅल्शियम ते सुटू देत नाही, उलट सांधा घट्ट करतो. म्हणजे आपल्या आयाबायांनी डाळीच्या भांड्यात केलेली परीक्षा अगदी शास्त्रीय होती.

साहेबांच्या देशातही पहिली परीक्षा साबणाचीच होती. स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे टॉमस क्लार्क नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८४१ मध्ये त्यांनी चुन्याच्या निवळीने पाणी हलके करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले, आणि पाणी किती जड आहे हे मोजण्यासाठी साबणाच्या द्रावणाची रीत रूढ केली. बाटलीत पाणी घ्यावयाचे, साबणाचे द्रावण थोडे थोडे घालीत हलवावयाचे, आणि फेस टिकू लागला की थांबावयाचे. जितका साबण जास्त लागेल तितके पाणी जड. शंभर वर्षे जगभर हीच रीत चालली. रीत सोपी, पण मोठी कष्टाची. हात दुखेपर्यंत बाटली हलवा, मग ‘फेस टिकला की नाही’ यावर दोघांचा वाद. कॅल्शियम किती आणि मॅग्नेशियम किती, हे तर साबणाला सांगताच येत नव्हते.

आता दुसरा धागा घेऊ. हा रंगाचा आहे आणि आपल्या भागाला अगदीच परका नाही. वाण्याच्या चोपड्यांना जे तांबडे खारव्याचे वेष्टन असे, ते जुन्या काळी आलीच्या मुळांच्या रंगाने रंगवीत. आलीचा रंग नुसत्या कापडावर बसत नाही. कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढावे लागे. तुरटीत ॲल्युमिनियम असतो. रंगाचा रेणू या ॲल्युमिनियमला आपल्या दोन टोकांनी चिमटीत धरतो, तेव्हा पक्का तांबडा रंग तयार होतो आणि धुण्याने जात नाही. युरोपात याच जातीचे काम मंजिष्ठेची युरोपातली बहीण करीत असे. तिच्या मुळातील रंगाला अलिझरीन म्हणतात. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या दोघा जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कोळशाच्या डांबरातून अलिझरीन तयार केले, आणि पुढे थोड्याच वर्षांत तिकडची मंजिष्ठेची शेते आणि इकडची आलीची लागवड, दोन्ही बुडाली. आमच्या रंगाऱ्यांना धातू चिमटीत धरण्याची विद्या हाताने येत होती. ती विद्या आहे हे मात्र कोणी त्यांना सांगितले नाही, आणि ती गेली तेव्हा कोणी विचारलेही नाही. असो. हे अलिझरीन वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा भेटणार आहे.

धातूला असे धरून ठेवणे म्हणजे नक्की काय, याचा उलगडा १८९३ मध्ये आल्फ्रेड वेर्नर या अवघ्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने केला. धातूचा अणू मध्यभागी असतो आणि त्याच्या भोवती ठराविक जागा असतात, चार किंवा सहा. त्या जागांवर दुसरे रेणू येऊन बसतात, असे त्याने मांडले. पंगतीतल्या पाटांसारखे समजा. पाट सहाच, मग त्यावर सहा वेगवेगळे पाहुणे बसोत, की एकच ऐसपैस पाहुणा दोन पाट अडवून बसो. वेर्नर पुढे झूरिकला प्राध्यापक झाला आणि १९१३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९२० मध्ये मॉर्गन आणि ड्रू या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी, दोन किंवा अधिक टोकांनी एकाच धातूला पकडणाऱ्या रेणूंना एक नाव दिले. ग्रीक भाषेत खेकड्याच्या नांगीला ‘खेले’ म्हणतात, त्यावरून ‘कीलेट’. आपल्याकडे खतांच्या पाकिटांवर ‘चिलेटेड’ असे लिहिलेले असते तोच हा शब्द. ओढ्यातला खेकडा बोटाला लागला म्हणजे कसा सोडीत नाही, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

दोन टोकांची नांगी कामाची, पण ती कधी कधी सुटते. सहाही पाट एकट्यानेच अडवील असा पाहुणा मिळाला तर? असा पाहुणा १९३५ मध्ये मिळाला, आणि तो शोधण्यामागे ज्ञानाची तहान नव्हती, व्यापाराची गरज होती. जर्मनीतील आय. जी. फार्बेन या प्रचंड कंपनीत फर्डिनांड म्युन्झ नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. कापड रंगविताना जड पाण्यातला कॅल्शियम रंगाला धरून कापडावर डाग पाडी. ते टाळण्यासाठी सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबात असते तेच, वापरीत असत. या बाहेरून आणाव्या लागणाऱ्या मालावर अवलंबून राहू नये असे तेव्हा जर्मनीत वारे होते. म्युन्झ यांनी विचार केला की, सायट्रिक आम्लाचे काम करणारे, पण त्याहून घट्ट धरणारे द्रव्य आपणच घडवावे. त्यांनी घडविलेल्या द्रव्यात दोन नायट्रोजन आणि चार आम्लगट आहेत. दोन आणि चार मिळून सहा टोके. त्याचे पूर्ण नाव एथिलीन डायअमाइन टेट्रा ॲसेटिक ॲसिड. एवढे नाव घ्यावयास श्वास पुरत नाही, म्हणून सारे जग त्याला ‘इ.डी.टी.ए.’ म्हणते. बाजारात ते ‘ट्रायलॉन-बी’ या नावाने आले. अमेरिकेतही थोड्याच काळात फ्रेडरिक बर्सवर्थ यांनी ते वेगळ्या मार्गाने बनविले.

म्हणजे पाहा, या सगळ्याच्या मुळाशी कापूस आहे. कापसाचे कापड, कापडाचा रंग, रंगावरचा डाग. आपल्या पांढरकवड्याच्या जिनिंगमधून गाठी भरून जाताना जिने पाहिल्या आहेत त्याला या गोष्टीत थोडी आपुलकी वाटावी, असे मला वाटते.

कारखान्यातून हे द्रव्य प्रयोगशाळेत आणले ते गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी. तेही झूरिकचेच, वेर्नरच्या गावचे. दुसरे महायुद्ध संपत असताना त्यांनी या जातीच्या द्रव्यांचा नेटाने अभ्यास चालविला होता. त्यांच्या ध्यानात आले की, इ.डी.टी.ए.चा एक रेणू धातूच्या एकाच अणूला धरतो. ना कमी, ना जास्त. धातू कॅल्शियम असो, मॅग्नेशियम असो, जस्त असो, हिशेब एकास एक. हिशेब इतका सरळ असेल तर मोजमाप करता येईलच. १९४६ मध्ये त्यांनी बीडरमान व बँगर्टर या सहकाऱ्यांसह पाण्याचा जडपणा मोजण्याच्या नव्या सोप्या रीती प्रसिद्ध केल्या. अडचण होती ती ‘संपले’ हे कळावयाचे कसे याची. पाणीही पारदर्शक, इ.डी.टी.ए.चे द्रावणही पारदर्शक. शेवटचा कॅल्शियम केव्हा पकडला गेला हे सांगणार कोण? १९४८ मध्ये बीडरमान आणि श्वार्झेनबाख यांनी त्यासाठी एक रंग निवडला, एरिओक्रोम ब्लॅक-टी. आणि हाही मूळचा कापड रंगविण्याचाच रंग, लोकरीचा!

आमच्या रसायनशाळेतला तो वास याच प्रयोगाचा. शिक्षकबंधूंसाठी तो थोडा तपशिलाने सांगतो, कारण माध्यमिक शाळेतही तो करता येण्याजोगा आहे. इ.डी.टी.ए. स्वतः पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून त्याचे सोडियमचे क्षार घेतात. ३.७२ ग्रॅम क्षार ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एक लिटर करावे. या द्रावणाचा एक मिलिलिटर म्हणजे, जडपणाचा हिशेब ज्या भाषेत करतात त्या भाषेत, एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. तपासावयाचे ५० मिलिलिटर पाणी शंकुपात्रात घ्यावे, त्यात अमोनियाचे बफर द्रावण घालून पी-एच दहाच्या आसपास आणावा, आणि चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक-टी टाकावा. पाणी लाल मद्यासारखे तांबूस होते. हा तांबूस रंग म्हणजे मॅग्नेशियमला धरून बसलेला रंग. मग ब्युरेटमधून इ.डी.टी.ए. थेंब थेंब सोडावयाचे. ते आधी मोकळा कॅल्शियम धरते, मग मोकळा मॅग्नेशियम, आणि शेवटी रंगाच्या चिमटीतला मॅग्नेशियमही हिसकावून घेते. त्या क्षणी सुटा झालेला रंग स्वच्छ निळा दिसतो. एका थेंबात तांबड्याचा निळा! मी, या वयाचा माणूस, पहिल्यांदा पाहिले तेव्हा सहकाऱ्याला म्हटले, “पुन्हा करून दाखवा.”

समजा, ५० मिलिलिटर पाण्याला १५ मिलिलिटर द्रावण लागले. पंधराला वीसने गुणा, तीनशे. म्हणजे लिटरमागे ३०० मिलिग्रॅम जडपणा. पिण्याच्या पाण्याविषयीच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगले, आणि दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असे म्हटले आहे. एक सावधगिरी: हातपंपाच्या गंजलेल्या नळीचे लोखंड पाण्यात असेल तर निळा रंग नीट उमटत नाही, मळकट राहतो, तेव्हा पंप थोडा वेळ चालवूनच बाटली भरावी. आणि कॅल्शियम एकटाच मोजावयाचा असेल तर कॉस्टिक सोड्याने पी-एच बाराच्या वर न्यावा, मॅग्नेशियम खाली बसतो, आणि म्युरेक्साइड नावाचा दुसरा रंग वापरता येतो. साबणाच्या बाटलीला शंभर वर्षांत जे जमले नाही, ते असे दोन ब्युरेटांत झाले.

प्रयोगशाळेबाहेर ही नांगी कुठे कुठे पोचली ते सांगू लागलो तर दिवस पुरणार नाही. आपले रक्त तपासणीला देतो तेव्हा जांभळ्या टोपणाची नळी असते, तिच्यात इ.डी.टी.ए. असते. रक्त गोठावयास कॅल्शियम लागतो, तो नांगीत अडकला की रक्त पातळ राहते. शिशाची विषबाधा झालेल्यांना, १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच, इ.डी.टी.ए.चे कॅल्शियम असलेले क्षार टोचून शिसे लघवीवाटे बाहेर काढू लागले. इथे मात्र एक दुःखाची गोष्ट नोंदली पाहिजे. कॅल्शियम नसलेले साधे सोडियमचे क्षार चुकून टोचले तर ते रक्तातलाच कॅल्शियम ओढून घेते. अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात या द्रव्याच्या उपचारात तीन माणसे दगावली, त्यांत दोन लहान मुले होती. दोन औषधांची नावे एका शब्दाने वेगळी. नांगी काय धरील हे नांगीला विचारून चालत नाही. आधी तिच्यात काय आहे ते पाहावे लागते.

शेतकरी बंधूंना हेच द्रव्य झिंक आणि लोह यांच्या पाकिटांत भेटते. आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात नुसते झिंक सल्फेट किंवा हिराकस टाकला तर बराचसा मातीत अडकून पडतो, झाडाच्या मुळाला मिळत नाही. नांगीत धरलेला धातू अडकत नाही. पण इथेही एक खोच आहे. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम इतका अमाप असतो की तो इ.डी.टी.ए.च्या नांगीतून लोहाला ढकलून स्वतः आत बसतो. म्हणून लोहाचे हे खत आपल्या जमिनीत देण्यापेक्षा पानांवर फवारलेले बरे. दुकानदार हे सांगेलच असे नाही.

भारतात या विद्येचा अभ्यास उशिरा सुरू झाला असे मात्र नव्हे. कलकत्त्याचे प्रियदारंजन राय यांनी १९२६ मध्येच रुबिॲनिक ॲसिड नावाचे द्रव्य तांबे, निकेल ओळखण्यासाठी सुचविले; तेही धातूला चिमटीत धरणारेच. आपल्या महाराष्ट्रात पवईच्या आय.आय.टी.मधील प्रा. श्रीपाद मोरेश्वर खोपकर यांनी अशा द्रव्यांच्या साहाय्याने एक धातू दुसऱ्यापासून वेगळा काढण्याच्या कामात नाव मिळविले. डे आणि चामर्स यांच्यासह त्यांचा या विषयावरचा ग्रंथ १९७० साली निघाला. ही नावे आपल्या मुलांना ठाऊक नसतात.

आता घरी परतू.

केळापूर हे जुने ठाणे. १९०५ पूर्वी आपला जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, तेव्हापासून हा तालुका सरकारी कागदांत आहे. कचेरी पांढरकवड्याला, नाव मात्र जगदंबेच्या केळापूरचे. इथल्या जमिनीखाली एकच एक खडक नाही. कुठे दख्खनचा काळा पाषाण, कुठे त्याहून फार जुना चुनखडक आणि शेल. पूर्वी गावाला पाणी देई ती विहीर, नाही तर ओढा. त्या पाण्यात जडपणा होता, कधी जंतू होते, पायऱ्यांच्या विहिरीतून नारूही येई. १९७२ च्या मोठ्या दुष्काळानंतर यंत्राने खोल भोके पाडून हातपंप बसविण्याचे काम महाराष्ट्रभर झपाट्याने झाले, आणि त्याचा उपकार लहान नव्हे. नारूचे उदाहरण घ्या: १९९६ मध्ये देशातला शेवटचा रोगी नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर झाले. झाकलेले पाणी, खोलचे पाणी, डाळ शिजविणारे पाणी. लोक हातपंपाला दुवा देत होते, आणि ते योग्यच होते.

पण खोलचे पाणी खडकाच्या सहवासात फार काळ राहिलेले असते. काही खडकांत फ्लोराईड असते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर तो फ्लोराईडला धरून खडकातच बसवून ठेवतो, फार विरघळू देत नाही. परंतु खोलवर कधी कधी असे होते की, पाण्यातला कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खाली बसतो, किंवा चिकणमातीला देऊन पाणी तिच्याकडून सोडियम घेते. पाणी हलके होते. आणि मग फ्लोराईडला धरणारा कोणी उरत नाही. ते पाण्यात चढत जाते. हलके पाणी प्रत्येक वेळी असेच असते असे नाही, आणि जड पाण्यात फ्लोराईड नसतेच असेही नाही. पण ज्या गुणासाठी आपण त्या पंपाचे पाणी निवडले, तोच गुण पुष्कळदा या दोषाचा सोबती असतो, एवढे खरे.

फ्लोराईडची गोष्टही लांबची आहे. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य आला, आणि गावातल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पाहून चकित झाला. पाण्यात काहीतरी आहे एवढे त्याला कळे. काय, ते कळेना. तीस वर्षे गेली. १९३१ मध्ये ॲल्युमिनियमच्या कंपनीतील चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते फ्लोराईड असल्याचे दाखविले. आपल्या देशात १९३७ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातील माणसांची ताठलेली हाडे आणि पाण्यातील फ्लोराईड यांचा संबंध प्रथम नोंदला गेला. लहान वयात, दात हिरडीच्या आत घडत असताना असे पाणी पोटात गेले तर डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. पुष्कळ फ्लोराईडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायले तर पाठ आणि सांधे ताठतात. भारतीय मानकाची शेवटची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात पांढरकवडा परिसराच्या भूजलातील फ्लोराईडवरच एक निबंध प्रसिद्ध झाला आहे. आपल्या तालुक्याचे नाव विद्वानांच्या नियतकालिकात येण्याला हे निमित्त मिळावे, याचे मला वाईट वाटले.

इ.डी.टी.ए.ची परीक्षा या बाबतीत मुकी आहे, हे शिक्षकबंधूंनी विशेष ध्यानात घ्यावे. नांगी धातूला धरते. फ्लोराईड धातू नव्हे. एखाद्या कागदावर ‘जडपणा: योग्य’ असे लिहिलेले असले, म्हणून ते पाणी मुलांना योग्य असे होत नाही. फ्लोराईडसाठी वेगळी परीक्षा लागते, आणि इथे आपला जुना परिचित पुन्हा येतो. अलिझरीनच्या एका प्रकाराने झिर्कोनियम नावाच्या धातूला धरले म्हणजे लालसर रंग होतो. त्यात फ्लोराईडचे पाणी घातले की फ्लोराईड तो धातू पळवून नेते, आणि लाल रंग फिका होत पिवळ्याकडे झुकतो. आलीच्या रंगाऱ्यांचीच युक्ती, फक्त उलटी. १९६६ पासून यासाठी विजेवर मोजणारा इलेक्ट्रोडही निघाला आहे. पाण्यात ॲल्युमिनियम, लोखंड असेल तर ते फ्लोराईडला लपवून ठेवतात. ते सोडवून घेण्यासाठी इलेक्ट्रोडच्या द्रावणात इ.डी.टी.ए.चे चुलत भावंड, सी.डी.टी.ए., घालतात. म्हणजे स्वतः मुकी असली तरी ही जात साक्षीदाराला बोलते करते.

आमचे एक माजी विद्यार्थी तालुक्यातल्या एका गावी प्राथमिक शाळेत गुरुजी आहेत. वर्गात दहापैकी कितीतरी मुलांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पट्टे आणि काहींच्या तपकिरी डाग पाहून ते दोन बाटल्या घेऊन आले. एक, गावाने सोडून दिलेल्या जुन्या विहिरीची. दुसरी, शाळेजवळच्या पंपाची. माझ्या सहकाऱ्यांनी ब्युरेट लावली. विहिरीच्या पाण्याला द्रावण ओतता ओतता वीसची खूण मागे पडली तरी पाणी तांबडेच. पंपाचे पाणी पाचाच्या आतच निळे झाले. गुरुजींचा चेहरा उजळला, म्हणाले, “म्हणजे पंपाचंच पाणी चांगलं, सर.” सहकारी काही बोलले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दोन नळ्यांत लाल द्रावण घेतले. विहिरीच्या नळीत रंग जवळजवळ तसाच राहिला. पंपाच्या नळीत तो आमच्या डोळ्यांदेखत उतरला.

पक्क्या आकड्यासाठी बाटल्या मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठविल्या. पण तोवर गावाने प्यावे काय? नागपूरच्या संस्थेने, जी १९५८ मध्ये सुरू झाली आणि १९७४ पासून ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते, तुरटी आणि चुना वापरून फ्लोराईड काढण्याची ‘नलगोंडा’ रीत १९७० नंतरच्या दशकात तयार केली आहे. पण ती मापाने, रोज, जाणत्या हाताने करावी लागते, नाही तर तुरटीतलाच ॲल्युमिनियम पाण्यात उरतो. गुरुजींनी आधी विहिरीचा गाळ काढवून ब्लीचिंग पावडर टाकविली, आणि पंपाचे पाणी धुण्याभांड्यांना ठेवा, पिण्याला व स्वयंपाकाला विहिरीचे घ्या, असे सांगत घरोघर फिरले. उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटले की वाढते, हेही त्यांना दहा ठिकाणी सांगावे लागले. एका आजीबाईंनी त्यांना दारातच अडविले.

“गुर्जी, थ्या हिरीच्या पान्यात डाय शिजत नाही नं! पोराईले काय कच्ची डाय घालू?”

याला गुरुजींजवळ उत्तर नव्हते. ते पुन्हा आमच्या रसायनशाळेत आले. सहकारी हसले आणि म्हणाले, विहिरीचे पाणी चांगले खळखळून उकळा, रात्रभर निवू द्या, वरचे अलगद ओतून घ्या. चुन्याचा जो भाग उकळल्याने खाली बसतो तो बसेल, जंतूही मरतील. सगळा जडपणा जाणार नाही. डाळीत चिमूटभर खायचा सोडा टाका.

पुढच्या आठवड्यात गुरुजी तिसरी बाटली घेऊन आले, आजीबाईंच्या घरच्या उकळलेल्या पाण्याची. ब्युरेटचा थेंब तेराच्या खुणेजवळ निळा झाला. सोबत त्यांनी कागदाच्या पुडीत भांड्याच्या बुडाची पांढरी खरपुडी आणली होती. आजीबाईंनी ती नखाने खरवडून दिली होती, आणि निरोप धाडला होता की, डाळ शिजली, पण सरपण फार लागते, त्याचे काय ते विचारून या.